बुलडॉगला ग्रीक नाव: वहीतल्या यादीपासून गळ्यातल्या बिल्ल्यापर्यंत

पिल्लू घरी यायला अकरा दिवस बाकी होते आणि वहीत 42 नावं जमली होती, सगळी ग्रीक. पिल्लू इंग्लिश बुलडॉग, नर, आठ आठवड्यांचं, तांबूस पितळी रंगाचं. घर फोंड्याकडचं. पुढे अंगण, मागे परसू, घरात मराठी, शेजारात कोंकणी आणि कुत्र्याशी बोलताना निम्मं इंग्रजी. बेचाळीसमधलं एकच नाव शेवटी टिकलं. बाकीची का गळली ते इथे सविस्तर लिहितो आहोत, कारण गोव्यातल्या कुठल्याही घरात बहुतेक तीच कारणं निघतील.

बुलडॉगला ग्रीक नाव शोभतं, त्यामागे एक जुना धागा आहे. आजच्या ग्रीसच्या वायव्येला एपिरस नावाचा प्रांत होता. तिथे मोलोसी जमातीचं राज्य होतं आणि त्यांचे राखणीचे दांडगे कुत्रे प्राचीन जगात नावाजलेले होते. अलेक्झांडरची आई ओलिंपियास याच मोलोसी राजघराण्यातली. रुंद डोक्याच्या, जड हाडांच्या, आखूड मानेच्या कुत्र्यांच्या गटाला आजही मोलोसर म्हणतात आणि बुलडॉग त्याच गटात धरला जातो. म्हणून यादीत पहिलं नाव मोलोस होतं. अर्थाने ते सर्वात चपखल, पण ते का बाजूला पडलं ते पुढे येईलच.

नावं शोधायला सगळे आधी देवांकडे वळतात. आमचा अनुभव असा की झेनोफोनकडे आधी जावं. इसवी सन पूर्व चौथ्या शतकातल्या या लेखकाने शिकारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की कुत्र्यांना आखूड नावं द्यावीत, म्हणजे हाक मारायला सोपं जातं, आणि लगेच 47 नावं देतो. ही नावं खऱ्या कुत्र्यांसाठी, हाक मारणाऱ्या माणसाने गोळा केलेली आहेत. बहुतेक दोन अक्षरांची. फिलाक्स म्हणजे पहारेकरी, स्टेरोस म्हणजे घट्ट किंवा भक्कम, थिमोस म्हणजे हिंमत, ब्रेमोन म्हणजे गरजणारा. मादीसाठी अल्के म्हणजे बळ, हेबे म्हणजे तारुण्य, खारा म्हणजे आनंद. आमच्या 42 पैकी 19 नावं या यादीतली होती.

दंतकथांमधले कुत्रे निराळे. होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या सतराव्या सर्गातला आर्गोस वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला वेषांतरातही ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ जायची ताकद उरलेली नसते. केर्बेरोस पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा. ओर्थ्रोस दोन डोक्यांचा, गुरं राखणारा. लायलाप्स म्हणजे वावटळ, त्याच्या तावडीतून शिकार सुटत नाही. मायरा ही इकारिओसची इमानी कुत्री. इतिहासात अलेक्झांडरच्या लाडक्या कुत्र्याचं नाव पेरितास होतं आणि त्याच्या नावाने अलेक्झांडरने एक नगर वसवलं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

आता गाळणी. आम्ही केलेलं पहिलं काम अगदी साधं होतं आणि सर्वात उपयोगी तेच ठरलं. एक अख्खा दिवस घरात आणि अंगणात जे शब्द मोठ्याने उच्चारले जातात ते लिहून काढले. माणसांची नावं, हाका, आज्ञा, शेजाऱ्यांच्या पोरांची नावं. चार पानं भरली. मग ग्रीक नावं एकेक करून त्या पानांवर ताडून पाहिली.

आरेस, म्हणजे युद्धाचा देव, गेलं, कारण घाईत ते ‘अरेस’ असं तोंडात येतं आणि आपल्या घरांत दर मिनिटाला कुणी ना कुणी ‘अरे’ म्हणतंच. कुत्रा दर वेळी मान वर करेल, काही मिळणार नाही, आणि आठवड्याभरात ऐकणं सोडून देईल. हाच नावाचा मृत्यू असतो. कुत्रा हट्टी नसतो, त्या आवाजामागून काहीच येत नाही हे तो शिकलेला असतो. झेनोफोनच्या यादीतलं अव्गो, म्हणजे तेज, याच कारणाने गेलं. घाईत त्याचं ‘अगो’ होतं. अल्के सुंदर नाव, पण वाड्यावर एखादी अलका असेल तर ‘अल्के!’ अशी हाक तिलाच लागते. पोलिस हे त्याच यादीतलं आणखी एक नाव. ते रस्त्यात मोठ्याने ओरडायचं नाही, हे सांगायला नको. ताक्सिस म्हणजे रणातली फळी. पण कळंगुटच्या नाक्यावर ते कसं ऐकू येईल याचा विचार करा. बिया म्हणजे शक्ती, पण एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बियांबद्दलच दिवसभर बोलणं चालतं.

देवांपैकी झ्यूस बहुतेकांच्या मनात पहिला असतो. आमच्याकडे सात जणांनी म्हणून पाहिला, पाच जणांच्या तोंडी ‘ज्यूस’ झाला. नाइकी, विजयाची देवी, मादीसाठी फार लोक सुचवतात. गोव्यात नाईक आडनावाची घरं किती ते मोजा आणि मग ठरवा. अपोलो म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी हॉस्पिटल आठवतं. सिरियस हा आकाशातला कुत्रा, म्हणजे आपला व्याधाचा तारा. मूळ ग्रीक सेइरिओस, अर्थ होरपळवणारा. मराठीत मात्र ‘सिरियस आहे’ याचा अर्थ रुग्ण अत्यवस्थ आहे असा होतो. संध्याकाळी गेटवर उभं राहून ती हाक मारली तर शेजारी धावत येतील. शिवाय उन्हाने ज्याचा जीव जाऊ शकतो अशा जातीला होरपळीचं नाव नको, असं आम्हाला मनापासून वाटलं. एजॅक्सचं मूळ रूप आयास. तो शब्द मराठीत आधीच आहे, अर्थ श्रम, दमणूक. बुलडॉगला तेवढंच टाळायचं असतं.

आज्ञांशी टक्कर ही वेगळी अडचण. इंग्रजी आज्ञा सगळ्यांना ठाऊक असतात: सिट, स्टे, नो, कम. पण गोव्यातल्या घरात कुत्र्याला कोंकणी आज्ञाही मिळतात, आणि त्या कुणी ठरवून दिलेल्या नसतात: यो (ये), वच (जा), राव (थांब), बस, नाका (नको). इओ हे नाव ‘यो’शी भिडतं. कोरे हे नाव कोंकणीतल्या ‘कर’च्या उच्चाराशी भिडतं. स्टेरोस आम्हाला फार आवडलं होतं, भक्कम या अर्थासाठी. पण ‘स्टेरो, स्टे’ असं दोनदा म्हणून पाहिलं आणि खोडलं. नाव म्हणजे ‘इकडे बघ’, स्टे म्हणजे ‘हलू नकोस’. दोघांची सुरुवात एक असेल तर पिल्लू पहिल्या अर्ध्या आवाजावरच चुकीचा निर्णय घेतं.

गोव्यात आणखी एक गाळणी लावावी लागते आणि ती शिष्टाचाराची आहे. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांतली कितीतरी नावं मुळात ग्रीकच. फिलिप म्हणजे घोडे आवडणारा, जॉर्ज म्हणजे शेतकरी, आलेक्स म्हणजे रक्षणकर्ता. स्तेफान, आंद्रे, फिलोमेना, कातारीना हीही तशीच. कुडतरीचं चर्च सांत आलेक्सचं आहे. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल सांता कातारीनाचं, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकलं. अशी नावं कुत्र्याला द्यायची नाहीत, मग अर्थ कितीही चांगला असो. टोपणनावंही तपासा. फिलाक्सचं आखूड रूप फिलो होतं आणि फिलू म्हणजे शेजारची फिलोमेना. थिमोसचं थिमो होतं आणि तिमोतेवला घरी तिमो म्हणतात. हेक्टरचं पोर्तुगीज रूप एइतोर, युलिसिसचं उलिसीस, आणि ही दोन्ही माणसांना ठेवलेली नावं आहेत. हिंदू घरांत रिया आणि मायरा या हल्ली मुलींच्या नावांत आहेत, म्हणून मायरा ही खरी कुत्रीच असली तरी ती बाजूला ठेवावी लागली. यात कुणाला हसण्यासारखं काही नाही. ज्या वाड्यावर कुत्रा बारा महिने भुंकणार आहे तिथे नावामुळे मन दुखावू नये, एवढंच.

राहिली अकरा. त्यांना आवाजाची परीक्षा. इथे एक व्याकरणाची गोष्ट आमच्या फार कामी आली. बरीच ग्रीक पुल्लिंगी नावं ‘ओस’ने संपतात, आणि तो शेवटचा ‘स’ दूर पोहोचत नाही. पागोळ्या पडत असताना, पत्र्यावर पाऊस वाजत असताना ‘स’ पावसातच विरघळतो. पोहोचतो तो स्वर: ओ, आ, ई. पण ‘स’ कापला तर नाव मोडतं का? मोडत नाही. ग्रीक माणूसही हाक मारताना तो ठेवत नाही. आपल्याकडे मोतीचा मोत्या होतो तशी त्यांच्याकडेही संबोधनाची वेगळी रूपं आहेत. आजच्या ग्रीकमध्ये योर्गोस नावाच्या माणसाला ‘योर्गो’ अशीच हाक मारतात. तेव्हा कागदावर ‘ओस’, तोंडात ‘ओ’, हे अगदी रीतीला धरून आहे.

सुरुवातीचं अक्षर शक्यतो क, ग, ट, ड, त, ब, प यांतलं असावं. या व्यंजनांना सुरुवातीला एक ठोका असतो, तो कान टवकारायला लावतो. म, ल, ह यांनी नाव हळूच सुरू होतं. मोलोस इथे मागे पडलं. खोलीत गोड, परसातून हाक मारली की पहिलं अक्षर हरवून फक्त ‘ओलो’ ऐकू यायचं. प्स आणि क्स हे जोडध्वनीही काढून टाकले. प्सिखे, म्हणजे आत्मा, हे नाव इंग्रजीवरून ‘सायकी’ होतं आणि शाळकरी पोरांच्या तोंडी दुसऱ्याच दिवशी ‘सायको’.

उच्चार जुना घ्यायचा की आजचा, हेही आताच ठरवून टाका. प्राचीन ग्रीकमधला ब आज व झाला आहे आणि जुना ह नाहीसा. हेबे आजच्या ग्रीकमध्ये ‘ईवी’ आहे. खारा आज ‘हारा’ म्हणतात. इंग्रजी स्पेलिंग सी-एच-ए-आर-ए, आणि दवाखान्यातल्या काउंटरवर ते हमखास ‘चारा’ वाचलं जातं. घरात दोन उच्चार चालू राहिले तर पिल्लाला ती दोन नावं वाटतात.

शेवटी तीन उरली: ब्रेमो, आर्गो आणि टालो. ब्रेमोनकडे आमचा कल होता. गरजणारा, आणि ज्या क्रियापदावरून ते आलं ते लाटांच्या गर्जनेलाही वापरलं जातं. बुलडॉगचं घोरणं ऐकलेल्या कुणालाही ते पटेल. आर्गोसला एक दुहेरी अर्थ आहे. प्राचीन ग्रीकमध्ये आर्गोस म्हणजे चकाकणारा, चपळ. पण तसाच दिसणारा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ निष्क्रिय, आणि आजच्या ग्रीकमध्ये तो संथ या अर्थाने रोज वापरला जातो. दुपारी फरशीवर पोट टेकून पसरलेल्या बुलडॉगला याहून नेमकं नाव नाही. टालोस हा कांस्याचा महाकाय पुरुष, क्रीट बेटाचा राखणदार. दिवसातून तीन वेळा तो बेटाला फेरी घालायचा. त्याच्या अंगात एकच शीर होती आणि घोट्याजवळ खिळ्याने बंद केलेली. तोच त्याचा दुबळा भाग.

या तिघांची परीक्षा पिल्लू यायच्या आधी घेतली, आणि हे महत्त्वाचं आहे. पिल्लावर नावं वापरून पाहायची नसतात. सोमवारी एक, गुरुवारी दुसरं असं केलं की तिसरं नाव शिकायला दुप्पट वेळ लागतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला प्रत्येक नाव तीनदा म्हणायला लावलं. मग परसाच्या टोकापासून पुढच्या दारापर्यंत, सुमारे पंचवीस पावलं, एकाने हाक मारायची आणि दुसऱ्याने ऐकू आलेलं लिहायचं. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो त्या वेळी एकदा, संध्याकाळी पाऊस असताना एकदा.

ब्रेमो इथे पडलं, आणि पाडलं कोंकणीने. आजीच्या तोंडी त्याचं ‘बरेमो’ झालं, आणि शेजारी दर दोन वाक्यांमागे ‘बरें मू?’ (बरं ना?) विचारतात. वहीत हे कधीच दिसलं नसतं. आर्गोतला र पंचवीस पावलांवर गळाला आणि कागदावर ‘आगो’ लिहिलं गेलं, म्हणजे पुन्हा तीच ‘अगो’ची अडचण. टालो दोन्ही वेळा टालोच लिहिलं गेलं. मूळ ग्रीक उच्चार खरं तर तालोस, त कडे झुकणारा. पण कोंकणीत ताळो म्हणजे आवाज, गळा. शिवाय ट चा ठोका जास्त कडक. म्हणून ट ठेवला. रंग पितळी, राखणदाराची जात, आणि दिवसाच्या तीन छोट्या फेऱ्या, कारण बुलडॉगला याहून लांब चालवायचंच नसतं. सगळं एकाच नावात बसलं.

नाव शिकवणं हा पुढचा टप्पा, आणि बुलडॉगच्या बाबतीत तो हवामान पाहून करावा लागतो. चपटं नाक, आखूड श्वासमार्ग, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करायची त्याची क्षमता कमी. गोव्याची दमट हवा ती आणखी कमी करते. म्हणून सराव घरात, पंख्याखाली, सकाळी साडेसातच्या आत किंवा सूर्य उतरल्यावर. दिवसाच्या खाण्यातलेच वीस-पंचवीस दाणे सकाळी वाटीत वेगळे काढायचे, वरचा खाऊ नाही. ही जात पटकन सुटते आणि वाढलेलं प्रत्येक किलो श्वासावर येतं. एक-दीड हात अंतरावर बसायचं, पिल्लू दुसरीकडे पाहत असताना एकदाच म्हणायचं, ‘टालो’. मान वळली की एका सेकंदाच्या आत दाणा. असं पाच-सहा वेळा, मग थांबायचं. दिवसातून तीनदा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकापासून, आठवड्याने दुसऱ्या खोलीतून. जीभ रुंद होऊन बाहेर आली किंवा श्वासाचा घरघराट वाढला तर त्या दिवसाचा सराव संपला. उन्हात परसाच्या टोकावरून हाक मारून त्याला धावायला लावायचं नाही, कधीच.

सर्वांत जास्त बिघडतं ते ‘टालो, टालो, टालो’ अशा माळेने. तिसऱ्या हाकेवर वळायचं असतं, असं तो शिकतो. एकदा म्हणा, नाही वळला तर जवळ जा, पुढच्या वेळी अंतर कमी करा. दुसरं म्हणजे नाव घेऊन नकोशी कामं करणं. बुलडॉगच्या नाकावरच्या वळ्या रोज ओल्या कापडाने पुसून कोरड्या कराव्या लागतात, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, नाहीतर आत लालसर होऊन वास मारायला लागतं. पिल्लाला ते आवडत नाही. त्या वेळी नाव न घेता उठून त्याच्याकडे जायचं. तिसरं, लाडाची नावं. सोन्या, बाबू, गुंड्या ही येणारच, ती अडवू नयेत, पण पहिले पंधरा दिवस आवरावीत. घरकामाला येणाऱ्या मावशींना आणि पाहुण्यांनाही तेवढं सांगून ठेवावं. त्यांनी ‘बाबू’ सुरू केलं की पिल्लू तेच आधी शिकतं, कारण ते जास्त प्रेमाने म्हटलं जातं.

कागदांचं थोडक्यात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावरचं नाव लांब असतं, त्याला पैदास करणाऱ्याच्या केनेलचं नावही जोडलेलं असू शकतं. त्याचा हाकेच्या नावाशी संबंध असायची गरज नाही. दवाखान्याच्या लसीकरण पुस्तकात मात्र हाकेचं नाव लिहा, आणि पहिल्या दिवशी जे स्पेलिंग दिलं तेच रेबीजच्या नोंदीत, पंचायतीच्या किंवा पालिकेच्या अर्जात आणि विम्यात ठेवा. आमच्याकडे एका ठिकाणी शेवटी एस लागला, एका ठिकाणी नाही, आणि दोन कुत्रे आहेत का, असा प्रश्न आला.

शेवटी बिल्ला. पितळेचा घेऊ नका. खारट हवेत महिन्याभरात हिरवट होतो आणि मानेच्या पांढऱ्या केसांना डाग लागतो. स्टेनलेस स्टीलचा, अडीच सेंटिमीटर व्यासाचा, अक्षरं रंगवलेली नकोत, कोरलेली हवीत. एका बाजूला फोन नंबर मोठा, दुसऱ्या बाजूला नाव. देवनागरीत कोरायचं तर रफार आणि जोडाक्षरं एवढ्या जागेत भरून येतात. आर्गोतला रफार नमुन्याच्या पत्र्यावर नुसता ओरखडा दिसत होता, ‘टालो’ स्वच्छ उमटलं. बुलडॉगची मान डोक्याएवढीच जाड असते, पट्टा मागे ओढला की कानांवरून सरकून निघतो आणि पुढे ओढला की श्वासनळीवर दाब येतो. म्हणून फिरवायला छातीचा हार्नेस, आणि बिल्ला त्याच्या पाठीवरच्या कडीत. छातीवर लटकवला तर पाणी पिताना तो भांड्याच्या काठावर टणटण वाजतो आणि पिल्लू दचकून पाणी अर्धवट सोडतं.